म्हैस भाकड जाते, हप्ता नाही

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात बायकांचे बचत गट बांधायचं काम घेतलंस, बरं वाटलं. पण "कर्ज मिळालं की गरिबी हटते" हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. अगं, कर्ज म्हणजे कमाई नव्हे.

म्हशीचंच बघ. दूध आहे तोवर डेअरीचं बिल येतं, हप्ता सुटतो. मग म्हैस भाकड जाते आणि हप्ता मात्र दर आठवड्याला दारात. तो भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, तिचा भरायला तिसरीचं. आमच्या लहानपणी सावकार एकच असायचा! म्हणून फॉर्म भरण्याआधी विचार: या घरात पैसा कुठल्या महिन्यात येतो? काजूचा, उसाचा की रोजच्या मजुरीचा?

मीही चुकलोय. बँकेत नवा असताना एकाच गावात ढिगानं शिलाई मशीनची कर्जं वाटली. ब्लाउज शिवून घेणार कोण, हे विचारलंच नाही.

व्याज फळ्यावर खडूनं मांडून दाखव. 10,000 रुपये, मुदत एक वर्ष, वर्षाला 12 टक्के सरसकट, महिन्याला साधारण 933 भरायचे. मुद्दल घटत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या दहा हजारांवर. घटत्या शिलकीवर मोजलंस तर दर 21 टक्क्यांच्या पुढे जातो.

अशा छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेनं 2022 मधे घातलेले नियम पाठच कर. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. आणि कर्जाचं कार्ड, म्हणजे कर्जाच्या अटींचा कागद, कर्ज घेणाऱ्या बाईला कळेल अशा भाषेत हवं. आपल्याकडे यावरच गाडं अडतं: कागद कन्नडमधे, बाई मराठी, अंगठा मात्र ठणठणीत. तिथे तू मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचंस, मगच सही. वसुलीला येऊन कुणी दमदाटी केली, तर त्याविरुद्ध कर्नाटकात 2025 पासून कायदा आहे, हेही सांग.

घाई नको. नाबार्डनं, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं, 1992 मधे 500 बचत गटांपासून गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हाही आधी बचत आणि मग कर्ज असाच क्रम होता. सहा महिने बायकांना आपापसातच देवघेव करू दे. कोण कुणाला नाही म्हणते, ते नीट बघ.

पहिल्या बैठकीची वही घेऊन ये. हिशेब कुठल्या भाषेत लिहिलाय, ते मला बघायचंय.

तुझा,
काका