तेवीस क्लब, सहा व्यवसाय आणि पुढचा ग्राहक

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणींनी लहान संस्थांसाठी एक वेबसेवा तयार केली आहे. सभासदांची नोंद ठेवणे, वर्गणीची आठवण पाठवणे, पावती देणे आणि मैदानाच्या किंवा कोर्टाच्या वेळा राखून ठेवणे ही कामे तिच्यातून होतात. चौदा महिन्यांत २३ क्लब आणि ६ लहान व्यवसाय पैसे भरून ती वापरू लागले आहेत. क्लबांपैकी ९ बॅडमिंटनचे असून ते एकाच साखळी स्पर्धेत खेळतात. आम्ही शोधयंत्रावर आणि समाजमाध्यमांवर जाहिराती दिल्या. लोक येतात, दोन आठवड्यांच्या मोफत चाचणीसाठी नाव नोंदवतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. सेवा कोणत्याही क्लबला किंवा व्यवसायाला उपयोगी पडेल अशी असूनही ती पोहोचत नाही. प्रसिद्धी कशी करावी?

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात. नऊ बॅडमिंटन क्लब एकाच साखळी स्पर्धेत खेळतात, म्हणजे त्यांचे सचिव महिन्यातून दोनदा तरी एकमेकांना भेटतात, आणि बहुधा तिथेच एकाने दुसऱ्याला तुमचे नाव सांगितले. या नऊ जणांना एकेक करून फोन करा. तुम्हाला आमच्याबद्दल कोणी सांगितले, त्याआधी हे काम कसे चालायचे, आणि नेमके काय घडल्यावर दुसरा मार्ग शोधावासा वाटला, एवढेच विचारा आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आज तुमच्या पहिल्या पानावर ‘कोणत्याही क्लबला उपयोगी’ असे जे लिहिले आहे, त्याच्या जागी हे शब्द यायला हवेत. बॅडमिंटन क्लबच्या सचिवाला ‘संसाधन व्यवस्थापन’ वाचून काहीच बोध होत नाही. ‘कोर्टाच्या वेळा, पाहुण्या खेळाडूंचे शुल्क आणि शटलचा खर्च एका ठिकाणी’ असे वाचले की तो थांबतो, कारण कालच रात्री तो हेच जुळवत बसलेला असतो.

पुढचे सहा महिने तुमची सर्व प्रसिद्धी केवळ बॅडमिंटन आणि त्याच्या जवळचे रॅकेटचे खेळ यांच्यापुरती ठेवा, असा माझा आग्रह आहे. बाकीचे चौदा क्लब आणि सहा व्यवसाय सोडायचे नाहीत, त्यांची सेवा नीटच करायची, मात्र त्यांच्यासारखे आणखी शोधत हिंडायचे नाही.

जाहिरातींबद्दल. समजा, जाहिरातीवरून आलेल्या शंभर जणांपैकी दोघे चाचणीसाठी नाव नोंदवतात आणि अशा चौघांपैकी एक जण पैसे भरतो. म्हणजे एका ग्राहकामागे तुम्हाला २०० भेटींचे पैसे मोजावे लागतात. मोठ्या कंपन्यांना महागडी प्रणाली विकणाऱ्याला हे परवडते, लहान क्लबकडून थोडे वार्षिक शुल्क घेणाऱ्याला सहसा परवडत नाही. तुम्ही तुमचे खरे आकडे या हिशेबात घालून पाहा. शिवाय अडचण पैशापुरती नाही. ज्या खजिनदाराला तुमची गरज आहे, त्याला अशा प्रकारची सेवा असते हेच ठाऊक नसल्यामुळे तो तिचे नाव शोधयंत्रात टाकत नाही. तो ‘वर्गणी पावती नमुना’ किंवा ‘सभासद यादी एक्सेल’ असे शोधतो. तेव्हा चांगला पावतीचा नमुना, थकबाकी आपोआप दाखवणारा तक्ता आणि वर्गणीची आठवण करून देणाऱ्या सौम्य पत्राचा मसुदा अशा तीन वस्तू नाव-पत्ता न मागता मोफत द्या आणि त्यांच्याखाली तुमची ओळख चार ओळींत ठेवा. वही, एक्सेलचा तक्ता आणि व्हॉट्सअॅपचा गट हे तुमचे खरे प्रतिस्पर्धी आहेत, आणि तिन्ही फुकट आहेत. ते वापरणाऱ्याला आधी त्याच्याच साधनांत मदत केली, तर ती साधने अपुरी पडू लागतात त्या दिवशी त्याला तुमची आठवण होते.

आता चाचणीनंतर माणसे का फिरकत नाहीत, या मुख्य प्रश्नाकडे येतो. मी अनेक वर्षे एका हौशी मंडळाचा खजिनदार होतो, म्हणून हे पलीकडच्या बाजूने सांगू शकतो. लहान व्यवसायाचा मालक स्वतःचा पैसा खर्च करतो आणि स्वतःचा वेळ वाचवतो, त्यामुळे एखादी सेवा पटली तर तो त्याच रात्री पैसे भरतो. खजिनदार मात्र दुसऱ्यांचा पैसा सांभाळणारा विनावेतन माणूस असतो. तुमची सेवा त्याला पटली, तरी वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणी ‘हा खर्च कशासाठी?’ असे विचारले तर काय उत्तर द्यायचे, ही धास्ती त्याच्या मनात असते. शिवाय निर्णय कार्यकारिणीचा, आणि कार्यकारिणी महिन्यातून एकदा भरते. दोन आठवड्यांची चाचणी संपते तेव्हा हा विषय बैठकीसमोर आलेलाही नसतो! मला स्वतःला एक सेवा मनापासून आवडली होती. बैठकीच्या आधीच चाचणीची मुदत संपली, भरलेली यादी दिसेनाशी झाली आणि तो विषय मी पुन्हा काढला नाही.

म्हणून क्लबसाठी चाचणीची मुदत दिवसांत मोजू नका. वर्गणीची एक फेरी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवण गेली, पैसे आले, पावत्या निघाल्या, इथपर्यंत सेवा मोफत ठेवा. खजिनदाराला कार्यकारिणीपुढे वाचून दाखवता येईल असे एक पानाचे टिपण तयार करून द्या. त्यात दर सभासदामागे वर्षाला किती खर्च येतो, सेवा बंद केली तर सगळी माहिती कशी परत मिळते, ती माहिती कोणाच्या मालकीची आहे आणि कोणाकोणाला दिसते, या चारच गोष्टी असाव्यात. दरमहा कार्डावरून पैसे कापण्याचा आग्रहही सोडा, कारण बहुतेक लहान क्लबांकडे कार्ड नसते आणि खजिनदाराने स्वतःचे कार्ड वापरले की त्याला दर महिन्याला स्वतःचेच पैसे मागत बसावे लागते. क्लबच्या नावाने वर्षाचे एकच बिल द्या. तुमच्या सहा व्यवसायांना मात्र मासिक शुल्कच सोयीचे वाटेल.

वेळ साधणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. नवे पदाधिकारी निवडून येतात आणि जुना खजिनदार वही-फायली नव्याच्या हाती सोपवतो, त्या दोन-तीन आठवड्यांत नव्या माणसाला सगळे बदलावेसे वाटते, कारण जुन्या पद्धतीचा त्याला लळा नसतो. तुमचे पत्र त्याच सुमारास पोहोचले, तर ते वाचले जाते. हंगाम ऐन भरात असताना पोहोचले, तर बाजूला पडते. तेव्हा प्रत्येक क्लबची वार्षिक सभा कधी होते आणि वर्गणीचे वर्ष कधी सुरू होते, याची दिनदर्शिका तयार करा. मात्र ज्या दारातून तुम्ही आत येता, त्याच दारातून तुम्हाला बाहेरही जावे लागू शकते, कारण तुम्हाला आणणारा खजिनदारही एके दिवशी पद सोडतो. म्हणून प्रत्येक क्लबमध्ये किमान दोघांना सेवेत प्रवेश असू द्या, आणि नव्या पदाधिकाऱ्याला अर्ध्या तासात सगळे समजावे असे हस्तांतराचे पान सेवेतच ठेवा. नवा माणूस आल्याचे कळताच त्याला फोन करा.

नव्या क्लबची जुनी यादी तुम्ही स्वतः भरून द्या. कोणी दीडशे नावांची अर्धवट वही पाठवली, तरी ती हाताने उतरवून घ्या. हे काम तुमच्या वेळेच्या मानाने फार वाटेल, पण खजिनदार अडतो तो नेमका इथेच. पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या स्ट्राइपचे संस्थापक पॅट्रिक आणि जॉन कॉलिसन हे सुरुवातीच्या काळात कोणी ‘वापरून बघतो’ म्हणाले, की नंतर दुवा पाठवण्याऐवजी त्याचाच लॅपटॉप मागून घेत आणि तिथल्या तिथे सेवा सुरू करून देत. घरे थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्याची सोय करणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनीही २००९ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन घरमालकांच्या घरांची छायाचित्रे स्वतः काढली होती. अशा कामातून ग्राहक तर मिळतोच, शिवाय तो कुठे अडखळतो हे डोळ्यांसमोर दिसते.

शेवटी पावत्यांविषयी. एका क्लबचे दीडशे सभासद असतील, तर तुमचे नाव वर्षातून अनेकदा दीडशे घरांत जाते, आणि त्यांतला कोणी दुसऱ्या मंडळाचा सचिव असतो, कोणी स्वतःचा वर्ग चालवतो. हॉटमेल ही ई-मेल सेवा १९९६ मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रत्येक पत्राच्या तळाशी अशीच मोफत सेवा घेण्याचे निमंत्रण देणारी एक ओळ असे. दीड वर्षाच्या आत तिचे लक्षावधी वापरकर्ते झाले आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. तुमच्या पावतीखालीही एक छोटी ओळ असू द्या. मात्र सभासदांचे पत्ते ही क्लबने विश्वासाने दिलेली ठेव आहे, त्या पत्त्यांवर तुम्ही स्वतःची जाहिरात एकदाही पाठवू नका.

प्रश्न : माझीही अशीच, नृत्य आणि संगीताच्या वर्गांसाठीची सेवा आहे. मला चार हजार संस्थांच्या ई-मेल पत्त्यांची यादी विकत मिळते आहे. सर्वांना एकदम पत्र पाठवले, तर एक टक्का प्रतिसादही पुरेसा होईल. हे करावे का?

उत्तर : करू नका. ज्यांनी तुम्हाला पत्ता दिलेला नाही, त्यांच्यापैकी काही जण तुमचे पत्र ‘स्पॅम’ म्हणून नोंदवणारच. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पत्र पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत. पाठवणाऱ्याच्या डोमेनची, म्हणजे ई-मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी लागते, मोठ्या संख्येने प्रसिद्धीची पत्रे पाठवणाऱ्याला एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय द्यावी लागते आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. हजार पत्रांमागे तीन तक्रारी झाल्या, तरी तुम्ही त्या मर्यादेला पोहोचता. याचा फटका जाहिरातीपुरता राहत नाही. वर्गाच्या वेळेतला बदल आणि शुल्काची आठवण ही तुमची पत्रे त्याच डोमेनवरून जात असतील, तर तीही पालकांपर्यंत पोहोचेनाशी होतात, आणि न केलेल्या चुकीची शिक्षा आज पैसे भरणाऱ्या ग्राहकाला होते. शिवाय अनेक देशांत विनासंमती अशी पत्रे पाठवण्यावर कायद्याची बंधने आहेत. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा व्यक्तीच्या नावाच्या ई-मेल पत्त्यालाही वैयक्तिक माहिती मानतो.

त्याऐवजी आठवड्याला पाच वर्ग निवडा, त्यांचे वेळापत्रक खरोखर वाचा आणि प्रत्येकाला वेगळे पत्र लिहा. त्या पत्रात त्यांच्याच वेळापत्रकातली एक अडचण नेमकेपणाने दाखवून द्या, उदाहरणार्थ दोन तुकड्यांना एकच खोली दिलेली असणे. तसेच अनेक वर्गांशी आधीच संबंध असलेली माणसे शोधा : परीक्षा घेणाऱ्या संस्थांचे समन्वयक, वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर, वर्गांचे हिशेब लिहिणारे लेखापाल. अशा एका माणसाचा भरवसा मिळाला, की त्याच्या शब्दावर दहा दारे उघडतात.

प्रश्न : लहान क्लबांना सेवा कायमची मोफत दिली, तर प्रसिद्धी आपोआप होईल का?

उत्तर : मोफत सेवा झपाट्याने पसरते हे खरे, पण नंतर शुल्क लावणे फार अवघड जाते. समान आवडीच्या लोकांचे गट जमवून देणाऱ्या आणि २००२ मध्ये सुरू झालेल्या मीटअप या संकेतस्थळाने २००५ मध्ये गटांच्या संयोजकांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा फार मोठ्या संख्येने गट निघून गेले. वीस-पंचवीस सभासदांपर्यंत मोफत, त्यापुढे शुल्क, अशी मर्यादा पहिल्या दिवसापासून स्पष्ट लिहिलेली असेल, तर कोणाला फसवल्यासारखे वाटत नाही. आणि नव्या नोंदण्यांबरोबर गळतीही मोजा. दरमहा पाच टक्के ग्राहक सोडून जात असतील, तर आज असलेल्या शंभरांपैकी वर्षअखेरीस चोपन्नच उरतात, आणि मग प्रसिद्धीवरच्या खर्चाचा मोठा भाग गेलेल्यांची जागा भरण्यातच जातो. सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला फोन करून कारण विचारा. त्या फोनवर काही विकण्याचा प्रयत्न करू नका.