वळवाच्या पावसावर सोयाबीन पेरू का?

प्रश्न : बीड जिल्ह्यात आमची भारी काळी जमीन आहे. परवा वळवाची जोरदार सर झाली. लगेच पेरणी करू का?

उत्तर : कृपया थांबा. वळीव एका शिवारात कोसळतो, शेजारचं कोरडं ठेवतो. एकूण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या. मग वीतभर खणून तळाची माती मुठीत दाबा. लाडू वळला तर ओल पुरेशी. वरची दोन बोटंच भिजली असतील तर बी फुगतं, मोड फुटतो आणि आठ-दहा दिवसांच्या उघडिपीत तो करपतो. दुबार पेरणीचं संकट इथूनच सुरू होतं. बी 3 ते 5 सेंटीमीटरच खोल पेरा. पाऊस मोजायला सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवा.