देवभात आणि शेतातला भात: डीएनए मार्करने नेमकं काय कळतं?

तुमचा प्रश्न असा आहे की तळ्यात आपोआप उगवणारा देवभात, म्हणजे रानभात, आणि शेजारच्या खाचरातला भात हिरवा असताना सारखेच दिसतात, मग मार्कर, म्हणजे डीएनएतली ओळखखूण, लावून काय कळतं आणि त्याने रानभात वाचतो कसा?

नुसतं ओळखायला मार्कर लागत नाही. लोंबी येऊ द्या. काळपट तूस, लांब कुसळ, आणि हात लावला की दाणा पाण्यात. सोललात तर आत तांबडा. एमएस्सीला असताना कोकणातल्या एका तळ्यात गुडघाभर चिखलात उभं राहून मी लोंब्यांखाली टोपली धरायचो, तरी निम्मे दाणे पाण्यातच जायचे.

घोळ होतो तो कडेच्या रोपांत. शेजारच्या भाताचे पराग तिथे सहज पोचतात आणि मिसळ झालेलं रोप दिसायला अस्सल असू शकतं. आम्ही मायक्रोसॅटेलाइट नावाचे मार्कर वापरायचो. डीएनएत दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, ती किती वेळा येतात हे वाणागणिक बदलतं. एक प्रत आईची, एक बापाची. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर कडेच्या एका झकास कुसळवाल्या रोपाचे दोन पट्टे आले: एक तळ्याच्या मध्यातल्या रोपांसारखा, दुसरा बरोब्बर शेजारच्या खाचरातल्या ‘जया’ वाणाच्या रांगेत. अर्थात एका मार्करवर निकाल देऊ नये. दोन्ही भात एकाच कुळातले, पट्टा योगायोगानेही जुळतो. बाराही गुणसूत्रांवरचे मार्कर घ्यावे लागतात.

2017 मध्ये ‘जीनोम रिसर्च’मध्ये आलेल्या अभ्यासात तर आशियातल्या रानभातात लागवडीच्या भाताची जनुकं सर्रास सापडली. म्हणजे तळं न बुजवताही रानभात हळूहळू संपू शकतो. माझ्या मते हा धोका आपल्याकडे कोणी मोजतच नाही.

आणि संपला तर काय, असं वाटत असेल तर: भाताची वाढ खुंटवणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूला तोंड देणारा भात शोधताना सहा हजारांहून जास्त नमुने तपासले गेले. कामी आला तो उत्तर प्रदेशातून नेलेला ‘ओरायझा निवारा’ या रानभाताचा एकच नमुना. आयआर-36 या लागवडीच्या वाणात ती ताकद त्याचीच.

म्हणून मार्करचा खरा उपयोग निवडीला. कोणतं तळं राखायचं, कोणतं बी बँकेत पाठवायचं आणि कोणते दहा नमुने म्हणजे एकाचीच नक्कल, हे त्यावरून ठरतं. तुम्ही पानं गोळा करणार असाल तर दोन रोपांत चांगलं अंतर ठेवा. बहुवर्षायू रानभात खोडापासून पसरतो, त्यामुळे रोपांचं अख्खं बेट एकच रोप निघतं. आमचे पहिले वीस नमुने असेच वाया गेले होते.