इस्त्रीचा शर्ट आणि पार्कातलं काम

कॅनडातल्या ऑन्टारिओतून एका ताईंचं पत्र आलं आहे. मूळच्या नागपूरच्या, सासर-माहेर दोन्ही इथलंच. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते.

"माझे मिस्टर सिव्हिल इंजिनिअर. पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळवून आम्ही दोन वर्षांपूर्वी इथे आलो. जानेवारीत त्यांना कामावरून कमी केलं. चार महिने अर्ज केले, तीन मुलाखती झाल्या, पुढे काही नाही. मेच्या सुरुवातीपासून ते शहराच्या पार्क विभागात हंगामी कामाला लागलेत. गवत कापायचं, कचरापेट्या रिकाम्या करायच्या, फुलझाडांना पाणी द्यायचं. सकाळी सातला हजर, साडेतीनला सुट्टी. घरी येतात ते पार गळून. अर्ज करणं जवळजवळ बंद झालंय. नागपूरला सासऱ्यांना आम्ही काहीच सांगितलेलं नाही. आमच्या रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडच्या सकाळी सातला, व्हिडिओ कॉल असतो. तेव्हा हे आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. परवा बाबा म्हणाले, 'काहून रे, एवढा काळा कसा पडला?' आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला बजावून ठेवलंय, आजोबांसमोर पार्कचं नाव काढायचं नाही. हे काम सोडा म्हणू का त्यांना?"

नाही ताई, सोडा म्हणू नका. पण लेकीला जे बजावलंय ते आजच मागे घ्या. आणि या कामाला एक शेवटची तारीख लावा. माझ्या सल्ल्याचा जीव या दोन गोष्टींत आहे.

लेकीबद्दल आधी बोलते, कारण त्या जागी मी होते. १९८०च्या दशकात माझे वडील कामाला होते ती गिरणी बंद पडली. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. वडील दोन उन्हाळे कूलरच्या कामाला जात. नागपूरकरांना हे काम सांगायला नको. होळी झाली की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, जुनी ताटी काढायची, नवा वाळा भरायचा, पंपाची नळी साफ करायची, पत्र्याला रंग द्यायचा. मार्च ते मे मागणी इतकी की माणूस मिळत नाही, आणि मृग लागला की काम संपलं. वडिलांच्या हाताला वाळ्याचा वास यायचा. तो वास मला तेव्हाही आवडायचा आणि आजही आवडतो. पण वर्ध्याचे काका आले की आई आम्हाला डोळ्यांनी दटावायची, वडील पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसायचे, आणि काका विचारायचे, "मग, सध्या काय चाललंय?" त्या क्षणी घरात जी शांतता पसरायची ती मला अजून ऐकू येते. वडिलांचं काम वाईट आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. ते लपवायला लावलं, म्हणून मी ते वाईट धरलं. पुढे कित्येक वर्षं वडिलांचा व्यवसाय कुणी विचारला की माझी जीभ अडखळायची. तुमची लेक आज तेच शिकते आहे. ते तिच्या मनात घट्ट बसायच्या आत थांबवा.

आता कामाचं. त्यात चूक काहीच नाही. तुम्ही पीआर आहात, कायद्याने कुठलंही काम करू शकता. फक्त पैशाची बाजू नीट समजून घ्या, कारण तिथे गोंधळ झाला तर तो महागात पडतो. जानेवारीनंतर तुमच्या मिस्टरांनी बेरोजगारी विमा, म्हणजे ईआय, घेतला असणार. तो चालू असताना काम केलं तर दर दोन आठवड्यांच्या अहवालात त्या आठवड्यांची कमाई लिहावीच लागते, आणि तीही कपातीच्या आधीची. ज्या आठवड्यात पूर्णवेळ काम झालं त्या आठवड्याचा भत्ता मिळत नाही, मग पगार कितीही असो. पावसामुळे किंवा कमी शिफ्टमुळे अर्धवट आठवडा झाला, तर कमावलेल्या दर डॉलरमागे भत्त्यातून पन्नास सेंट कापले जातात. आधीच्या साप्ताहिक कमाईच्या ९० टक्क्यांपर्यंत हा हिशोब चालतो, त्यापुढे डॉलरला डॉलर कापला जातो. हे लपवून वाचवलेला पैसा दंडासकट परत द्यावा लागतो.

दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. या कामाचे तास पुढच्या दाव्यासाठी मोजले जातात. आठवड्याला ४० तास धरले तर १७ आठवड्यांचे ६८० होतात. नव्या दाव्यासाठी तुमच्या भागातल्या बेरोजगारीनुसार ४२० ते ७०० तास लागतात. म्हणून हंगाम संपताना रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट, म्हणजे मालकाने द्यायचा कामाच्या तासांचा दाखला, निघाला की नाही याची खात्री करा आणि त्यावरचे तास आपल्या पगाराच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहा. चिठ्ठ्या जपून ठेवा, एका पाकिटात, सगळ्या.

खरी अडचण तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात. अर्ज करणं बंद झालंय. दमणं खरं आहे, पण मला वाटतं त्यात थोडी सुटकाही आहे. चार महिने नकार ऐकलेल्या माणसाला गवताचा पट्टा सरळ कापून मागे वळून बघताना बरं वाटतं, कारण तिथे केलेलं काम डोळ्यांना दिसतं. हे मी नागपुरात तंत्रनिकेतनातल्या मुलांच्या नोकऱ्यांचं काम बघताना पुष्कळदा पाहिलं. तात्पुरत्या कामाला लागलेला मुलगा वर्षभराने भेटायचा तेव्हा तिथेच असायचा, आणि त्याचं कारण आळस कधीच नव्हतं. त्याला परत नकार ऐकायचा नव्हता. म्हणून तारीख हवी. लेबर डे सप्टेंबरचा पहिला सोमवार. त्याच्या आसपास हंगाम संपेल. कदाचित पर्यवेक्षक विचारेल, पानं गोळा करायला आणि पुढे बर्फ काढायला थांबतोस का? त्याचं उत्तर आत्ता, जूनमध्ये, दोघांनी बसून ठरवा. सप्टेंबरमध्ये दमलेला माणूस हो म्हणून मोकळा होतो.

साडेतीनची सुट्टी ही मोठी सोय आहे, ती वाया घालवू नका. पाच वाजेपर्यंत कचेऱ्या उघड्या असतात. दिवसभर कचेरीत बसणाऱ्याला नव्या नोकरीसाठी फोन करायला लपावं लागतं, तुमच्या मिस्टरांना लागत नाही. त्यांनी थेट घरी येऊ नये. घरी आलं की सोफा आहे, चहा आहे, आणि माणूस आडवा होतो. वाटेत ग्रंथालय असेल तिथे हातपाय धुऊन तासभर बसावं. आठवड्यात तीन दिवस पुरे. त्या तासात पन्नास ठिकाणी तोच बायोडाटा पाठवण्यापेक्षा एका माणसाशी बोलावं. कुणाशी, तेही सांगते. पत्रात तुम्ही लिहिलंय की ते नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजचे. त्यांचं कॉलेज २००२पर्यंत व्हीआरसीई होतं. लिंक्डइनवर दोन्ही नावांनी शोधायला सांगा. नव्या नावाने त्यांच्या बरोबरीचे सापडतील. जुन्या नावाने सापडतील ते पन्नाशी-साठीतले सीनियर, जे आज माणसं घेण्याच्या जागेवर बसलेत. त्यांना नोकरी मागू नये. "सर, मी आपल्याच कॉलेजचा, सिव्हिलचा. इथल्या नगरपालिकेच्या प्रकल्पांत कुठल्या कामाला मागणी आहे, वीस मिनिटं बोलाल का?" एवढंच विचारावं. नागपूरचा सीनियर या प्रश्नाला सहसा नाही म्हणत नाही.

परवान्याची तयारीही याच उन्हाळ्यात पुढे सरकू शकते. ऑन्टारिओत पी.इंजि., म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरच्या परवान्यासाठी चार वर्षांचा अनुभव लागतो. त्यातलं किमान एक वर्ष कॅनडातलंच हवं ही अट परवाना देणाऱ्या प्रोफेशनल इंजिनिअर्स ऑन्टारिओ या संस्थेने मे २०२३ मध्ये काढून टाकली. म्हणजे त्यांनी नागपुरात केलेल्या पाणीपुरवठ्याच्या कामाची वर्षंही नीट मांडली तर मोजली जातात. ती मांडायला वेळ लागतो: कुठलं काम, कुठला निर्णय स्वतः घेतला, कोण साहेब त्याची खात्री देतील. पावसाने काम थांबलं तो दिवस याच्यासाठी ठेवा. आणि तोवर बायोडाटात स्वतःला परवानाधारक इंजिनिअर म्हणू नये, तिथे तो कायद्याचा विषय आहे.

बायोडाटात पार्कचं काम लिहावं का? लिहावं, एका ओळीत, शेवटी, तारखांसकट. मुलाखतीत "मे पासून काय करताय?" विचारलं तर खाली बघायचं नाही. "जानेवारीत आमची टीम कमी केली. घर चालवायला शहराच्या पार्क विभागात हंगामी काम घेतलं, सोबत परवान्याची तयारी चालू आहे." एवढं बोलून थांबायचं. शिवाय हे काम नगरपालिकेचं आहे, हे विसरू नका. पार्कात पाण्याचा निचरा असतो, पायवाटांचा उतार असतो, लहान मोऱ्या असतात, मुलांचे कारंजे असतात. कुठे पाणी तुंबतं हे तुमच्या मिस्टरांना कचेरीतल्या माणसाआधी दिसतं. अनेक नगरपालिकांत अंतर्गत जागांच्या जाहिराती कर्मचाऱ्यांना आधी दिसतात. हंगामी माणसाला तिथे अर्ज करता येतो का, हे त्यांनी मनुष्यबळ विभागाला थेट विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत.

इथे थांबून इतर वाचकांना एक सांगते, कारण हे वाचून अमेरिकेतलं कुणी असंच काम धरेल आणि अडचणीत येईल. तिथला नियम निराळा आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, असलेल्या मुलाचं काम त्याच्या पदवीच्या विषयाशी थेट जोडलेलं असावं लागतं, आठवड्याला किमान २० तासांचं, आणि पहिल्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. संगणकशास्त्राची पदवी घेऊन पार्कात तिकिटं फाडली तर त्या ९० दिवसांची मोजणी थांबत नाही, उलट व्हिसाचा भंग होतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर साठ दिवसांपर्यंतची मुदत असते, आणि त्या काळात दुसरीकडे मन मानेल तसं काम करता येत नाही. कॅनडात पदवीनंतरच्या वर्क परमिटवर असलेली मुलं पार्कात काम करू शकतात, पण पीआरसाठीच्या एक्सप्रेस एंट्री योजनेतल्या कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमध्ये टीईईआर, म्हणजे कामाच्या श्रेणी, ० ते ३ मधलंच काम मोजलं जातं. गवत कापण्याचे तास त्यात धरत नाहीत. पोट भरायला करा, पीआरच्या हिशोबात मांडू नका.

ताई, तुमच्याकडे परत येते. शरीराचं थोडं बघा. ऑन्टारिओच्या उंच गवतात काळ्या पायांच्या गोचिड्या असतात आणि त्यातून लाइम रोग होतो. विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघावं, आणि सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. अंगावर गोल लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जाताना पार्कात काम करतो हे सांगावं. आणि डबा. नागपूरची बाई आहात, उन्हात काम करणाऱ्याला सकाळी काय द्यायचं हे मी तुम्हाला काय सांगणार, पण कैरीचं पन्हं तिथेही करता येतं.

राहिले बाबा. तुम्ही लिहिलंय की ते रोज पहाटे तेलंगखेडीच्या बागेत फिरायला जातात आणि माळ्याशी बोलतात, कुठलं रोप कधी लावलं ते विचारतात. मग त्यांना हंगामी कामाचा अर्थ समजावायची गरज नाही. पेंचच्या वाघांच्या जंगलाचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतो, तेव्हा सिल्लारीच्या गेटवरचे गाईड काय करतात हे नागपूरच्या माणसाला ठाऊक असतं. बाबांना राग येईल का? कदाचित येईल, पण तो कामाचा नसेल. जानेवारीपासून आपल्याला परकं ठेवलं, याचा असेल. तो त्यांना काढू द्या. मध्ये बोलू नका, तुमच्या मिस्टरांची बाजू घ्यायलाही नाही. सासूबाई रडतील, त्यांना तुम्ही नंतर वेगळा फोन करा.

सांगायचं मात्र मुलाने स्वतः. तुम्ही नाही, लेकीच्या तोंडून नकळत तर मुळीच नाही. रविवारचा कॉल बरा, कारण त्या दिवशी तो दमलेला नसेल. आणि जमलं तर तो कॉल पार्कातूनच लावा. तिथे रात्र व्हायच्या आत, साडेआठच्या सुमाराला, जूनमध्ये तिकडे उजेड असतो. नागपुरात तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतील, बाबा चपला घालून निघायच्या तयारीत असतील. त्याने लावलेला फुलांचा वाफा दाखवावा आणि म्हणावं, "बाबा, जानेवारीत माझी नोकरी गेली. सध्या मी हे करतोय. सप्टेंबरपर्यंत." लेकीला शेजारी उभं करा, तिला फुलांची नावं सांगू द्या. मिस्टरांच्या अंगावर कामाचा टी-शर्टच असू दे.