सागाची विरळणी करू की उक्ता सौदा?

प्रश्न: बार्शी तालुक्यात माझा एक एकर साग आहे, 12 वर्षांचा. दोन बाय दोन मीटरवर लावला होता, आज 800 झाडं उभी आहेत. व्यापारी सगळ्याचे उक्ते 4 लाख देतो म्हणतो. काहीजण म्हणतात विरळणी कर, म्हणजे काही झाडं काढून बाकीच्यांना वाढायला जागा दे. पोरांसारखी वाढवलेली झाडं कवडीमोलानं तोडू? मुलीच्या इंजिनिअरिंगला चार वर्षांनी पैसे लागतील.

उत्तर: 4 लाख ठेवीत टाकले आणि 7 टक्के मिळत राहिले, तर साधारण दहा वर्षांत दुप्पट होतात. तुमच्या बागेची शर्यत या 8 लाखांशी आहे. आहे तशीच ठेवलीत तर बाग हरेल, असं माझं मत. आपल्याकडच्या साडेपाचशे मिलिमीटर पावसात 800 झाडं एकमेकांच्या तोंडचं पाणी पळवतात. उंच जातात, भरत नाहीत.

आणि पैसा घेरात आहे. लाकूड मोजतात ते असं. 24 इंच घेर, 10 फूट खोड: घेराचा चौथा हिस्सा अर्धा फूट, त्याचा वर्ग गुणिले 10, म्हणजे अडीच घनफूट. घेर 36 इंच झाला की तेच खोड साडेपाच घनफुटांच्या पुढे जातं. दीडपट घेराला सव्वादोनपट लाकूड. शिवाय गाभा, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, वाढतो, तसा घनफुटाचा भावही चढतो. (नव्वदच्या दशकात सागाच्या नावावर लोकांची गुंतवणूक घेणाऱ्या योजनावाल्यांनी दाखवलेली कोटींची स्वप्नं मात्र विसरा.)

तेव्हा विरळणी करा. पानगळीनंतर 300 झाडं काढा: बारीक, वाकडी, दबलेली. चार-पाच वर्षांनी पुन्हा एक हात फिरवा. रंगाच्या खुणा स्वतः करा. निवड व्यापाऱ्यावर सोडलीत तर तो जाड झाडं नेईल, आणि तुम्ही दुभती विकून भाकड सांभाळत बसाल. बारीक बल्ल्यांतून मजुरी सुटली तरी पुष्कळ. उरलेल्या बल्ल्या गोठ्याला, कांदाचाळीला लावा. पावसाळ्यात तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना फुटवे येतील, ते खुडत राहा, नाहीतर केलेला खर्च पाण्यात. विरळणी असली तरी साग तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास लागतो. आधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का बघा.

मुलीच्या फीचा भार या बागेवर टाकू नका. चार वर्षांत बाग तयार होत नाही. आजपासून आवर्ती ठेव सुरू करा, कमी पडेल तिथे शैक्षणिक कर्ज. डोक्यावर सावकारी व्याज असेल, तरच उक्त्या सौद्याचा विचार करा.

आणि व्यापाऱ्याला विचारा, नुसती जाड दीडशे झाडं द्यायची तर किती देशील? उत्तर ऐकून उरलेल्या साडेसहाशेचे त्यानं किती धरलेत ते कळेल.