पाचर मारून जड यंत्र उचलायला किती बल लागेल? आणि पाचर आपोआप निसटेल का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथ (धातू कातायचं जड यंत्र) लेव्हल करताना पाहिला असेल, तर चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. समजा एका कोपऱ्यावर ५०० किलो भार आहे, पाचरीचा कोन १०° आणि घर्षणांक (घर्षण आणि दाब यांचं गुणोत्तर) ०.३. लेथ आडवा सरकत नाही, असं धरू.

बहुतेक जण इथे चुकतात: घर्षण आणि लंब प्रतिक्रिया (पृष्ठाचा काटकोनातला उलट रेटा) वेगवेगळ्या मांडून समीकरणांत अडकतात. त्यापेक्षा दोन्हींची एकच प्रतिक्रिया घ्या, ती लंबापासून घर्षणकोनाइतकी (φ) कललेली असते. टॅन φ = ०.३, म्हणजे φ सुमारे १६.७°.

आता लेथ आणि पाचर यांची बलचित्रं (प्रत्येकावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी चित्रं) वेगळी काढा. हे टाळू नका, घर्षणाची दिशा तिथेच कळते. पाचर आत जाते, म्हणून पाचरीवरचं घर्षण बाहेरच्या दिशेने. खालच्या सूत्रात पहिलं पद तिरक्या पृष्ठाचं, दुसरं सपाट पृष्ठाचं.

बल = ५०० × [टॅन(१०° + १६.७°) + टॅन १६.७°] = ५०० × (०.५०३ + ०.३), म्हणजे साधारण ४०० किलो-बल (४०० किलोच्या वजनाइतकं बल).

निसटण्याचं म्हणाल, तर दोन्ही पृष्ठांवर घर्षण असताना पाचरीचा कोन २φ पेक्षा कमी हवा. इथे १०° विरुद्ध ३३.४°, पाचर घट्ट बसेल. पण ग्रीस लावून घर्षणांक ०.०८ वर आला, तर २φ फक्त ९.१°. तीच पाचर निसटेल, हात खाली घालू नका!