मज्जारज्जूवर दाब आणि बायोप्सीत आयजीजी४ आजार: हा कॅन्सर आहे का?
नाही, हा कॅन्सर नाही. तुमच्या वडिलांचे पाय जड पडले, एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब दिसला आणि बायोप्सीत आयजीजी४चा (आयजीजी४ ही शरीरातली एक अँटीबॉडी) आजार निघाला, म्हणजे प्रतिकारशक्ती बिथरून मज्जारज्जूभोवतीचं आवरण, ड्युरा, सुजलंय आणि जाड झालंय. कण्यात जागा मुळातच कमी, त्यामुळे मज्जारज्जू चेपतो. आपल्याकडे असं चित्र दिसलं की आधी टीबीची शंका येते आणि ती रास्तच असते. म्हणून बायोप्सी झाली हे फार बरं झालं. रक्तातलं आयजीजी४ नॉर्मल असलं तरी हा आजार असू शकतो.

स्टेरॉइडला तो बहुधा चांगली दाद देतो, गरज पडल्यास रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध देतात. गोळ्या मनाने बंद करू नका, डोस उतरवताना आजार उलटतो कधीकधी. स्टेरॉइडने शुगर वाढू शकते, ती तपासत राहा.

पण पायांतली ताकद झपाट्याने जातेय, लघवी अडतेय किंवा बसायच्या जागी बधिर वाटतंय, तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका. मध्यरात्र असली तरी नागपुरातल्या मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत किंवा मिहानच्या एम्समध्ये न्या आणि न्यूरोसर्जनला दाखवायचा आग्रह धरा. दाब काढायचं ऑपरेशन लागलं, तर ते वेळेत व्हायला हवं. एमआरआयची सीडी आणि बायोप्सीचा रिपोर्ट पिशवीत तयारच ठेवा.